कुर्ला–हावडा एक्सप्रेस आणि चार कागद

जुलै १९९८. कुर्ल्याहून हावड्याला निघालेल्या एक्सप्रेसमध्ये मुंबई पोलिसांच्या पहाऱ्यात तीसहून अधिक माणसे बसली होती. पोलिसांच्या लेखी ती सगळी बांगलादेशी होती. त्यांना बंगालपर्यंत न्यायचे, सीमा सुरक्षा दलाच्या हवाली करायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे, एवढेच बरोबरच्या शिपायांचे काम. गाडी हावड्याच्या अलीकडे उलुबेरिया स्टेशनात आली, तेव्हा फलाटावर मोठा जमाव उभा होता. त्याच्या पुढे होते फॉरवर्ड ब्लॉकचे तिथले आमदार रवीन घोष. जमावाने पहारा मोडून माणसे सोडवून नेली.

लगेच दोन राज्यांत जुंपली. महाराष्ट्रात मनोहर जोशी मुख्यमंत्री, गृहखाते उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याकडे. त्यांचे सरकार म्हणे, हे घुसखोर. पश्चिम बंगालमध्ये ज्योती बसूंचे सरकार. ते म्हणे, यांतले कितीतरी आमचे, याच हावडा जिल्ह्यातले कारागीर. लोकसभेत गदारोळ झाला. दिल्लीत गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी होते. एकाच माणसाबद्दल भारतातली दोन राज्य सरकारे दोन उलट गोष्टी सांगत होती, आणि दोघांकडेही सरकारी शिक्का होता.

या प्रसंगावर तेव्हा जे लिहिले गेले त्यात बहुतेक वेळा दोनच प्रश्न आहेत: घुसखोर किती, आणि त्यांना पाठीशी कोण घालतो. मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्या डब्यातला एखादा माणूस खरोखर भारतीय असता, तर त्याने ते कोणत्या कागदाने सिद्ध केले असते? या प्रश्नाचे उत्तर चार वर्षे आधीच्या एका खटल्याच्या कागदांत सापडते. त्यासाठी उलुबेरियाचा फलाट थोडा वेळ सोडावा लागेल.

१९९४ साली, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, मतदारयाद्यांतून परकीयांची नावे काढण्याची मोहीम मुंबईत आणि दिल्लीत चालली. मुंबईत दीड लाखाहून अधिक लोकांना नोटिसा गेल्या. बहुतेक वस्त्या झोपडपट्टीच्या. चौकशी पोलिसांकडे होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ फेब्रुवारी १९९५ रोजी ‘लाल बाबू हुसेन’ या नावाने ओळखला जाणारा निकाल लागला. त्या निकालपत्रात मुंबईतल्या चौकशीची रीत नोंदलेली आहे. पोलीस चारच कागद मागत होते: जन्मदाखला, भारतीय पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, आणि नागरिकत्वाच्या नोंदवहीतला उतारा. रेशन कार्ड, शाळेचा दाखला, लाईट बिल पुढे केले तरी ते मोजले जात नव्हते.

ही यादी सावकाश वाचायला हवी. शेवटच्या दोन कागदांकडे पाहा. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र भारतात कोणाला मिळते? जो आधी परका होता आणि पुढे नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झाला, त्याला. नोंदवहीतली नोंदही त्याचीच. साताऱ्यात किंवा संगमेश्वरात जन्मलेल्या माणसाला असे प्रमाणपत्र आयुष्यात कोणी देत नाही, कारण नागरिकत्व त्याला जन्मानेच मिळालेले असते. म्हणजे अस्सल भारतीयाकडे जे कागद असूच शकत नाहीत, तेच त्याच्याकडे भारतीयत्वाचा पुरावा म्हणून मागितले जात होते. उरले दोन. १९९४ साली कुर्ल्याच्या झोपडीत पासपोर्ट किती असतील, हे सांगायची गरज नाही. आणि जन्मदाखला? जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. १९९४ मध्ये ज्या मतदाराचे वय पंचवीस किंवा त्याहून जास्त होते, तो या कायद्याच्या आधी जन्मला होता. त्याची आई खेड्यात सुईणीच्या हातून बाळंत झाली असेल, तर त्या जन्माचा कागद कुठून यायचा?

माझ्या घरात कोणी हा हिशेब मांडला, तर आधीच्या पिढीतले अर्धे लोक परके ठरतील. वाचकाने आपल्या घरात मांडून पाहावा.

सरन्यायाधीश अहमदी यांच्या खंडपीठाने ही अडचण जाणली. ज्याचे नाव आधीच्या यादीत आहे त्याची त्या वेळी रीतसर तपासणी झाली होती, असे धरूनच सुरुवात करा. संशय का आला ते त्याला सांगा. तो देईल तो सर्व पुरावा पाहा. पोलिसांच्या नुसत्या अहवालावर नाव कापू नका. असा त्या निकालाचा आशय. आधीची कार्यवाही रद्द झाली.

यादीतल्या नावाची किंमत मुंबईत किती, ते पुढच्याच महिन्यात दिसू लागले. मार्च १९९५ मध्ये शिवसेना–भाजप युतीचे सरकार आले. त्याने दोन आश्वासने दिली होती: बांगलादेशींना हाकलू आणि ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देऊ. घर कोणाला? १ जानेवारी १९९५ च्या मतदारयादीत नाव असेल त्याला. म्हणजे ज्या यादीची छाननी नुकतीच पोलिसांच्या हातून न्यायालयाने काढून घेतली, तीच यादी आता २२५ चौरस फुटांच्या घराची किल्ली ठरली. तिथून नाव गेले की मतही जाते आणि छप्परही. कुर्ल्यात ‘पुरावा’ हा शब्द लोक एकवचनात वापरत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे पुरावे असतात आणि आग लागली, मिठी नदीचे पाणी शिरले, की आधी ती पिशवी बाहेर काढतात. तिच्यात १९७६ च्या झोपडी गणतीचा फोटोपास असेल तर तो सर्वांत आत, कापडात गुंडाळलेला. ४ जानेवारी १९७६ या एकाच दिवशी मुंबईतल्या झोपड्या मोजल्या गेल्या, सुमारे २८ लाख माणसे निघाली आणि त्यातून हे फोटोपास आले. सरकारने ते देताना हेतू एवढाच होता की पुढे झोपडी पाडली तर पर्यायी जागेचा हक्कदार कोण हे ठरावे. लोकांनी मात्र तो आपल्या अस्तित्वाचा दाखला म्हणून जपला.

कागद देताना त्याचा अर्थ एक असतो, आणि तपासताना दुसराच लावला जातो. मला हा या सगळ्या इतिहासाचा कणा वाटतो. आयकराचा कायदा घ्या. त्याच्या सहाव्या कलमात करदात्याचा ‘रहिवास’ ठरतो तो मुख्यतः वर्षात किती दिवस भारतात राहिलात यावरून. १८२ दिवस हा त्याचा मूळ आकडा. जात, जन्म, नागरिकत्व यांची विचारपूस या मूळ कसोटीत नाही. आता आधारचा २०१६ चा कायदा घ्या. आधार क्रमांक रहिवाशाला मिळतो, आणि रहिवासी म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला. तोच आकडा. पॅन तर परदेशी माणसालाही रीतसर मिळते. याच आधार कायद्याच्या नवव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की हा क्रमांक नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार दिले गेले, तेव्हा गावाला वाटले असेल की आता ओळखीचा प्रश्न मिटला. ओळखीचा मिटलाही असेल. नागरिकत्वाचा तो कधी नव्हताच.

म्हणून ‘कर भरतो, मग नागरिक का नाही’ हा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही, आणि ‘नागरिक नाही, मग कर कुठे भरतो’ हा आरोपही टिकत नाही. कुर्ल्यात साबणाची वडी विकत घेणारा प्रत्येक जण वस्तू व सेवा कर देतो. त्याआधी, २०१७ पर्यंत, मुंबईच्या नाक्यांवर भरलेला जकातीचा पैसा त्याच वडीच्या किमतीत असायचा. कर घेताना राज्य माणूस पाहत नाही, व्यवहार पाहते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या एका माणसाचा जामीन नाकारताना हेच सांगितले: आधार, पॅन, मतदार ओळखपत्र जवळ असणे म्हणजे नागरिक असणे नव्हे, नागरिकत्व १९५५ च्या कायद्याने ठरते. कायदा म्हणून हे म्हणणे बरोबर आहे. पण मग पिशवीतल्या कागदांपैकी उरला कोणता?

लाभांची गोष्ट थोडी वेगळी, आणि इथे सामान्य माणसाच्या रागाला मी मान देतो. रेशनचे धान्य मोजके असते, अन्न सुरक्षा कायद्याच्या लाभार्थ्यांना संख्येची मर्यादा आहे. बोगस नाव घुसले की खरे नाव बाहेर राहते. बनावट जन्मदाखले, बनावट आधार करून देणारे एजंट आहेत, त्यांच्यावर गुन्हेही नोंदले गेले आहेत. बांगलादेशची सीमा चार हजार किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्यावरून माणसे येतात, हे नाकारून काही साधत नाही. परंतु खोटे लाभार्थी म्हणजे परकेच, हे गृहीत कागदांवर टिकत नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिना १५०० रुपये. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचे रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल, असे सरकारने ठरवले. वर्षभराने, जुलै २०२५ मध्ये, महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितले की सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र दिसत आहेत. कारणे काय होती? एकाच वेळी अनेक योजनांचा लाभ, एका घरात दोनांहून अधिक अर्ज, काही ठिकाणी तर पुरुषांनी केलेले अर्ज. ही सगळी आपलीच माणसे. घुसखोरीच्या नावाने ओरडताना हा आकडा शेजारी ठेवावा.

आकड्यांचाच विषय निघाला म्हणून. १९९७ च्या मे महिन्यात गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी संसदेत बेकायदा स्थलांतरित एक कोटी असल्याचे सांगितले. १४ जुलै २००४ रोजी गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी १,२०,५३,९५० असा आकडा दिला. थोड्याच दिवसांत, आसामातून ओरड झाल्यावर, हा आकडा ऐकीव माहितीवरचा आणि भरवशाचा नाही असा खुलासा त्यांनीच केला. २०१६ मध्ये किरेन रिजिजू यांनी दोन कोटी सांगितले. दहाच्या घरापर्यंत मोजलेला आकडा ऐकीव निघतो, यातच सगळे आले. इतिहास लिहिणाऱ्याने हे आकडे लोकसंख्या म्हणून वापरू नयेत. त्या त्या दिवशी सरकारने काय म्हटले याचा पुरावा म्हणून वापरावेत.

परत १९९८ कडे. डब्यातली माणसे पकडली गेली ती कोणत्या कायद्याखाली? परकीय नागरिक कायदा, १९४६. त्याच्या नवव्या कलमानुसार, आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावर. चोरीच्या खटल्यात आरोपीला इतके ओझे नसते. हा कायदा नोव्हेंबर १९४६ मध्ये इंग्रज सरकारच्या काळात झाला, आणि ज्या दिवशी तो झाला त्या दिवशी ढाका परदेश नव्हते. कुर्ल्याहून ढाक्याला आणि कुर्ल्याहून नागपूरला जाणाऱ्या माणसात कायद्याच्या दृष्टीने तेव्हा काही फरक नव्हता. फाळणीने फरक केला, सिद्ध करण्याचे ओझे मात्र तेच राहिले.

बंगाल सरकार ज्यांना आपले म्हणत होते ते कारागीर इथले: हावडा जिल्ह्यातला पांचला–उलुबेरिया हा पट्टा जरीकामाचा. तिथली पोरे लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाशी मांडी घालून बसत, आरीने टिकल्या-मणी भरत, आणि काम तिथे कमी पडले की मुंबईच्या कारखान्यांत येत. कारखाना म्हणजे एक खोली. दिवसा काम, रात्री त्याच जागी झोप. अशा माणसाचे मुंबईत रेशन कार्ड नसते, लाईट बिल मालकाच्या नावावर असते, मतदारयादीतले नाव गावाकडे असते. त्याचे कागद बंगालमध्ये, बंगाली लिपीत, ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचे. म्हणजे १९९४ मध्ये झोपडीवासीयाकडे निदान चुकीचे का होईना, पण कागद होते. १९९८ च्या जरी कारागिराकडे मुंबईत दाखवायला तेही नव्हते. राहिली भाषा. शमा दलवाई आणि इरफान इंजिनियर यांनी त्याच वर्षी तयार केलेल्या सत्यशोधन अहवालाचे नावच मुंबईतून बंगालीभाषक मुसलमानांच्या हकालपट्टीबद्दल आहे, ‘बांगलादेशीं’च्या नव्हे. बंगाली बोलतो आणि मुसलमान आहे, एवढ्यावर संशय पक्का होतो, हा त्या वेळच्या टीकेचा गाभा होता. बंगाली ही भारतात हिंदीखालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा आहे, हे इथे आठवायला हवे.

उलुबेरियाच्या फलाटावर जे झाले ते कायद्याने योग्य नव्हते. पोलिसांच्या ताब्यातून माणसे ओढून नेणे हा गुन्हाच, आणि जमावाने कोणाचे नागरिकत्व ठरवू नये, ना तिकडे ना इकडे. पण तो जमाव शेजाऱ्यांचा होता. आपल्या गल्लीतला मुलगा ओळखायला त्यांना कागद लागत नव्हता. मुंबईतल्या कोठडीपासून त्या फलाटापर्यंतच्या प्रवासात, जवळजवळ दोन हजार किलोमीटरच्या, या माणसांना ओळखणारा कोणी भेटलाच नव्हता.

ही रीत मुंबईनेच शोधली असेही नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये दिल्लीच्या न्यू सीमापुरीतून शंभराहून अधिक जणांना ‘ऑपरेशन पुशबॅक’ या नावाखाली रेल्वेने बंगालच्या सीमेवर नेले गेले. त्यांची डोकी भादरली होती. देशभर संताप झाला. त्यानंतरही रेल्वेचा मार्ग तोच राहिला.

कुर्ल्याबद्दल एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते, कारण ‘बाहेरचा’ हा शब्द या उपनगराला लागू होता तो फार जुन्या काळापासून. सायनच्या पुलापलीकडचे कुर्ला मुंबईत नव्हतेच, ते साष्टी बेटातले. १८०८ मध्ये कंपनी सरकारने कुर्ला आणि आणखी सहा गावे होर्मसजी बमनजी वाडिया यांना, मुंबईत अपोलो दरवाजाजवळच्या जागेच्या बदल्यात देऊन टाकली, अशी नोंद ठाण्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. सात गावांच्या माणसांना आपण कोणाचे झालो हे कोणी विचारले नाही. १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी इथली धरमसी मिल घेतली, तिची स्वदेशी मिल झाली, आणि कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसे आली. कुर्ला बृहन्मुंबईत आले ते १९५० मध्ये. आज महापालिकेच्या एल विभागात, म्हणजे कुर्ल्यात, कोणीही उभा राहून ‘मी मूळचा’ म्हणाला, तर त्याला मूळ गाव विचारले की बहुधा दुसरेच नाव येते.

२०२५ मध्ये जुने कागद पुन्हा उघडले. मेमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना संशयितांची पडताळणी तीस दिवसांत पूर्ण करायला सांगितली. जूनमध्ये मुंबईच्या परिसरातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते मुर्शिदाबाद वगैरे जिल्ह्यांतले भारतीय असल्याचे पश्चिम बंगालने दाखवून दिल्यावर परत आणावे लागले. या वेळी कोणत्याही फलाटावर जमाव नव्हता. माणसे सीमेपार जाऊन परत आली. १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा कायदा जाऊन नवा कायदा आला. सिद्ध करण्याचे ओझे मात्र जिथे होते तिथेच ठेवले आहे. महाराष्ट्रात त्याच वर्षाच्या सुरुवातीला मालेगावातल्या उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून चौकशी पथक नेमले गेले आणि असे दाखले देणे काही काळ थांबवले गेले. ज्या चार कागदांपैकी गरिबाला मिळण्याजोगा एकच होता, त्याचीही खिडकी बंद झाली.

जन्मदाखल्यावर आता सगळी भिस्त आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारनोंदणीपर्यंत तोच मुख्य पुरावा. पण तो जन्माची जागा आणि तारीख सांगतो. नागरिकत्व सांगायला तो पुरत नाही. समजा, कुर्ल्याच्या एका खोलीत तीन भावंडे आहेत. तिघांचा जन्म एकाच रुग्णालयात, भाभामध्ये; आईवडील तेच. थोरला १९८६ चा. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मला तो नागरिक. त्याला आईवडिलांचे कोणी विचारू शकत नाही. मधली १९९० ची. तिला आई किंवा वडील, दोघांपैकी एक भारतीय होते हे दाखवावे लागेल. धाकटा २००५ चा. ३ डिसेंबर २००४ नंतरचा म्हणून त्याचे आईवडील दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. थोरल्याच्या दाखल्यावर चौकशी संपते. धाकट्याच्या दाखल्यावर ती सुरू होते, आणि त्याच्या बापाच्या कागदांकडे वळते, ज्याचा जन्म १९७० च्या आधी, खेड्यात, सुईणीच्या हातून झालेला आहे.